खुले पत्र : रेल्वे-व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम काढण्याआधी

प्रति,
मराठवाड्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राचार्य, व्यवस्थापन संस्थांचे संचालक आणि औद्योगिक संघटनांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. १९९५ साली मंजूर झालेल्या २६१ किलोमीटरच्या मार्गाचा निम्म्याहून जास्त भाग त्यामुळे वापरात आला. परळीपर्यंतचा बाकी आहे. लातूरजवळ हरंगुळच्या कारखान्यातून डिसेंबर २०२० मध्ये डब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला होता. आता तिथेच १२० वंदे भारत शयनयान गाड्या बांधायच्या आहेत आणि त्या कंत्राटात ३५ वर्षांची देखभालही आहे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव, वर्धा-यवतमाळ-नांदेड हे नवे मार्ग बांधले जात आहेत. हे सगळं पाहून ‘रेल्वे तंत्रज्ञान, व्यवस्थापकांसाठी’ असा एखादा अभ्यासक्रम आपल्याकडेही असावा, असं आपल्यापैकी अनेकांना वाटत असणार. वाटायलाच हवं.

आम्हाला काळजी आहे ती त्याच्या आखणीची. पाच दिवस, वातानुकूलित सभागृह, रेल्वेचा इतिहास, बुलेट ट्रेनची चित्रं, ‘भविष्यातील आव्हानं’ नावाचं एक सत्र आणि शेवटी प्रमाणपत्र. अशा कोर्सातून बाहेर पडलेल्या माणसाला ब्लॉक (कामासाठी रूळ गाड्यांना बंद ठेवलेली वेळ) का वाया गेला ते कळत नाही, आणि गाडी नसताना सिग्नल लाल का राहिला तेही कळत नाही.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. रूळ, सिग्नल, ओव्हरहेड तार आणि डबे ही चार खाती आपापलं काम जाणतात. त्यांना शिकवणाऱ्या संस्थाही चांगल्या आहेत : स्थापत्याची पुण्यात, सिग्नलची सिकंदराबादला, विजेची नाशिक रोडला, यांत्रिकीची जमालपूरला. वडोदऱ्याचं गतिशक्ती विद्यापीठही आहे. त्यांच्याशी स्पर्धा करायला जाऊ नका, जमणार नाही. मात्र बहुतेक गोष्टी बिघडतात त्या एका खात्याचं काम संपून दुसऱ्याचं जिथे सुरू होतं तिथे, आणि व्यवस्थापक नेमका तिथे उभा असतो. कंत्राटदाराचा प्रकल्प व्यवस्थापक, पुरवठादाराचा दर्जाप्रमुख, नियोजन पाहणारा अधिकारी, सगळेच. त्याला स्लीपरखाली खडी ठासणारं टॅम्पिंग मशीन चालवता येण्याची गरज नाही. पण त्या मशीनमुळे दुसऱ्या कोणाचं काय बिघडू शकतं, हे त्याला पाठ हवं. अभ्यासक्रम या सीमांवर बांधा. कसा, ते उदाहरणांनीच सांगतो.

आपल्या मातीपासून सुरुवात करू. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टाकलेल्या भरावावर योग्य जाडीचा आणि योग्य प्रतवारीचा ब्लँकेटचा, म्हणजे खडीखालच्या निवडक भरड मातीचा, थर नसेल किंवा पाण्याला बाजूला वाट नसेल, तर पावसात गाडीच्या प्रत्येक आसाखाली ओली माती दाबली जाते आणि खडीच्या पोकळ्यांतून वर येते. दोन-तीन पावसाळ्यांत स्लीपरखाली खडी कमी आणि चिखल जास्त, अशी गत होते. इथवर हा स्थापत्याचा विषय. पण त्याच रुळांतून सिग्नल खात्याच्या ट्रॅक सर्किटचा, म्हणजे रुळावर गाडी आहे का ते ओळखणाऱ्या मंडलाचा, मंद प्रवाह वाहत असतो. गाडी आली की चाकं दोन्ही रूळ जोडतात, रिले (प्रवाह मिळाला तरच उचललेला राहणारा विद्युत स्विच) पडतो, सिग्नल लाल होतो. खडी स्वच्छ असेल तर एका रुळातून दुसऱ्या रुळाकडे प्रवाह फारसा गळत नाही. स्टेशनच्या हद्दीत ही रोधकता दर किलोमीटरला किमान २ ओहम आणि ब्लॉक सेक्शनमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांच्या मधे, ४ ओहम असायला हवी. खडीत चिखल भरला आणि जूनचा पहिला पाऊस पडला की ती खाली येते, गाडी नसतानाही रिले पडतो आणि सिग्नल लाल राहतो. नोंदवहीत लिहिलं जातं ‘ट्रॅक फेल’, आणि फोन जातो सिग्नलवाल्याला.

खरी गोम पुढे आहे. गाड्या अडकलेल्या असतात, वरून विचारणा सुरू असते, म्हणून तंत्रज्ञ फीडचा, म्हणजे रुळांना पुरवलेला, व्होल्टेज थोडा वाढवतो. रिले उचलतो, गाडी सुटते, तक्रार मिटते. ऑक्टोबरनंतर खडी सुकते, गळती थांबते, पण वाढवलेला व्होल्टेज तसाच राहतो. आता रिलेला गरजेपेक्षा जास्त प्रवाह मिळतोय. गंजलेल्या किंवा कमी वापराच्या रुळावर हलकं वाहन उभं राहिलं तर तो पडेलच याची खात्री उरत नाही, म्हणजे वर गाडी असताना रूळ मोकळा दिसण्याची शक्यता तयार होते. म्हणूनच प्रत्येक जुळवणीनंतर ०.५ ओहमचा शंट, म्हणजे चाकांसारखा दोन्ही रूळ जोडणारा रोध, टाकून रिले पडतो का ते पाहायचं असतं. व्यवस्थापकाने विचारायचे प्रश्न तीनच : व्होल्टेज कधी वाढवला, शंटची चाचणी कोणी घेतली, आणि त्या पट्ट्यातली खडी चाळायची तारीख काय ठरली. तिसरा प्रश्न सिग्नलच्या बैठकीत कोणी विचारत नाही, कारण खडी दुसऱ्याची असते.

खडीच्या खरेदीबद्दल एक बाजूची गोष्ट. ६५ मिमीच्या चाळणीवर ५ टक्क्यांपेक्षा जास्त राहता कामा नये, ४० मिमीवर ४० ते ६० टक्के, आणि २० मिमीवर किमान ९८ टक्के. घर्षणमूल्य ३० टक्क्यांच्या आत, आघातमूल्य २० टक्क्यांच्या आत. आपला घट्ट काळा बेसाल्ट या चाचण्या सहज पार करतो. खाणीत मधेच ठिसूळ मांजऱ्या खडकाचा पट्टा लागला आणि तोही क्रशरमध्ये गेला की गणित बिघडतं. नमुना ढिगाच्या वरून घेतला तर तो पट्टा सापडतच नाही. नमुना कुठून घ्यायचा हे शिकवायला अर्धा तास पुरतो. तेवढा द्या.

सांध्याचं, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या पॉइंटचं, उदाहरण लहान आहे. सरकती पट्टी आणि मुख्य रूळ यांच्यामध्ये टोकापासून १५० मिमीवर ५ मिमीचा तुकडा ठेवला तर सांधा कुलूपबंद होता कामा नये आणि सिग्नलने गाडीला वाट देता कामा नये. ही चाचणी सिग्नल खात्याची. पण पट्टी नीट बसते की नाही हे टोकाजवळच्या स्लीपरखालच्या ठासणीवर अवलंबून असतं, आणि ती रूळ खात्याची. सांधा हलवणारी मोटर जास्त प्रवाह ओढते म्हणून मोटर बदलली, आठ दिवसांनी तीच तक्रार आली, असं झालं की समजावं स्लीपर खाली बसलाय. दोन्ही खात्यांची संयुक्त तपासणी नियमात आहे. ती खरंच संयुक्त झाली की दोघांनी वेगवेगळ्या दिवशी सह्या केल्या, हे पाहणं व्यवस्थापकाचं काम.

आता उन्हाळा. या विषयाला पूर्ण दिवस द्या, कारण मराठवाड्यात तो पुस्तकी नाही. मे महिन्यात परभणी-नांदेडला हवा ४२ ते ४४ अंशांवर जाते आणि उन्हातला रूळ तिच्याहून साधारण २० अंशांनी जास्त तापतो. लांब जोडलेल्या रुळाला लांबायला जागा नसते, त्यामुळे लांबी वाढण्याऐवजी आत दाब साठतो. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात दर अंशाला सुमारे १.९ टन. ज्या तापमानाला रुळात ताण नसतो त्याला कामावर सगळे टीडी म्हणतात. समजा टीडी ४३ आहे आणि दुपारी रूळ ६४ अंशांवर गेला. फरक २१ अंश, म्हणजे एका रुळात सुमारे ४० टन, दोन्ही मिळून ८० टन दाब. खडी भरलेली, खडीचे बाजूचे खांदे पूर्ण, रूळ धरणाऱ्या क्लिपा घट्ट असतील तर रूळ तो सोसतो.

या हिशेबाला तडा जातो तो हिवाळ्यात. जानेवारीच्या पहाटे रूळ तुटतो, फट उघडते. तात्पुरत्या फिशप्लेटा (दोन टोकं जोडणाऱ्या पट्ट्या) आणि क्लॅम्प लावून गाड्या हळू काढल्या जातात. मग तुकडा बसवून वेल्डिंग होतं. जेवढं पोलाद काढलं त्यापेक्षा २० मिमी जास्त आत गेलं आणि नंतर त्या भागाचं डीस्ट्रेसिंग (रूळ मोकळा करून साठलेला ताण काढणं) झालं नाही, असं धरा. २०० मीटर रूळ एका अंशाला २.३ मिमी लांबतो. म्हणजे तेवढ्या पट्ट्यात ते २० मिमी टिकून राहिले, तर तिथला टीडी जवळपास ९ अंशांनी खाली आला, ४३ चा ३४ झाला. मे महिन्यात त्याच ६४ अंशांना आता एका रुळात ४० ऐवजी ५७ टन आहेत.

वहीत मात्र टीडी ४३ च आहे. उन्हाळी गस्त टीडीच्या २० अंश वर गेल्यावर सुरू होते. वहीप्रमाणे ती ६३ ला निघेल, प्रत्यक्षात ५४ ला निघायला हवी होती. खडी हलवणारी कामं टीडीच्या १० अंश वरपर्यंतच करायची असतात. वही सांगते ५३ पर्यंत चालेल, रूळ सांगतो ४४ ला थांबा. त्या पट्ट्यावर सकाळी साडेदहाला टॅम्पिंग चाललं असेल तर प्रत्येकजण नियम पाळतोय आणि तरीही रूळ वाकडा होण्याच्या बेतात आहे. खडी नुकतीच हलवलेली असल्यामुळे आडवा आधारही कमी झालेला असतो.

म्हणून तुटलेल्या रुळाच्या प्रत्येक दुरुस्तीच्या अहवालात एक ओळ हवी : पोलाद आत किती मिमी, बाहेर किती मिमी. आपल्या विद्यार्थ्याला हे गणित कागदावर सोडवता आलं पाहिजे. आठवी-नववीचंच गणित आहे, अवघड काही नाही. पण ते सोडवलेल्या माणसाने ‘वेल्ड झालं, काम बंद’ असा शेरा पाहिला की तो सही करायला थांबतो.

वेल्डिंगचंच आणखी एक. थर्मिट वेल्डसाठी दोन टोकांत २५ मिमीची फट ठेवतात, एक मिमी इकडेतिकडे. वितळलेल्या पोलादाचा रस फटीत ओतल्यावर किमान ३० मिनिटं तरी गाडी सोडायची नाही. ‘एका वेल्डला वीस मिनिटं’ असं नियोजनाच्या तक्त्यात भरणारे व्यवस्थापक आहेत. रुळाची आखणी, साचा बसवणं, तापवणं, ओतणं, थंड होणं, तासणं, घासणं यांत कोणतीही पायरी गाळली तर तो सदोष जोड पुढे अल्ट्रासॉनिक चाचणीत सापडतो. किंवा सापडत नाही.

ब्लॉकचं नियोजन हा या सगळ्या प्रशिक्षणाचा कणा असावा. ब्लॉक म्हणजे ठरावीक वेळ रूळ गाड्यांसाठी बंद. समजा १२० मिनिटांचा ब्लॉक मिळाला. मशीन जवळच्या स्टेशनच्या साइडिंगला आहे, कामाची जागा ९ किलोमीटरवर. ताशी ३० किलोमीटरने जायला १८ मिनिटं, यायला १८. तिथे मशीन उघडायला १० मिनिटं, आवरायला १०. झाली ५६. कामाला उरली ६४. आता पुढची मालगाडी येईपर्यंत ब्लॉक २० मिनिटं उशिरा मिळाला आणि संपण्याची वेळ मात्र तीच राहिली. नियंत्रण कक्षाच्या दृष्टीने १२० पैकी २० गेली, सहावा हिस्सा. कामाच्या दृष्टीने ६४ पैकी २० गेली, जवळजवळ एक तृतीयांश. दोघे एकाच बैठकीत एकाच ब्लॉकबद्दल भांडतात आणि दोघांचे आकडे बरोबर असतात. हे पाहायला विद्यार्थ्यांना एक दिवस नियंत्रण कक्षात आणि एक दिवस मशीनवर बसवा.

वेगमर्यादेची किंमतही अशीच मोजायला लावा. एक किलोमीटर पट्ट्यावर ताशी २० ची मर्यादा आहे आणि गाडी ६०० मीटर लांब आहे. शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत गाडीला १.६ किलोमीटर २० च्या वेगाने जावं लागतं : ४ मिनिटं ४८ सेकंद. १०० च्या वेगाने हेच अंतर ५८ सेकंदांत जातं. म्हणजे एका गाडीचं जवळपास ४ मिनिटांचं नुकसान, वर वेग कमी करण्यात आणि पुन्हा धरण्यात जातं ते वेगळं. एकेरी मार्गावर समोरची गाडी स्टेशनवर ताटकळते ती आणखी वेगळी. मर्यादा १ किलोमीटरऐवजी ४०० मीटरची ठेवता आली असती का, हा प्रश्न मग आपोआप सुचतो.

विजेबाबत एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ट्रॅफिक ब्लॉक घेतला म्हणजे तार मेली असं नाही. २५,००० व्होल्ट तसेच असतात. तारेजवळच्या कामाला वीज बंद करणारा पॉवर ब्लॉक वेगळा, लेखी परमिट वेगळं, आणि कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून अर्थिंग केल्याशिवाय शिडीवर पाय ठेवायचा नाही. रुळाच्या कामाचा तारेवर काय परिणाम होतो तेही इथेच सांगून टाका. इंजिनाच्या टपावरच्या पँटोग्राफची तारेला टेकणारी पट्टी एकाच जागी झिजू नये म्हणून तार मुद्दाम नागमोडी टाकलेली असते, सरळ मार्गावर मध्यापासून २०० मिमीपर्यंत, वळणावर ३०० मिमीपर्यंत. टॅम्पिंगमध्ये रूळ ३० मिमी सरकवला की तार तेवढीच दुसरीकडे गेल्यासारखी होते. रूळ ५० मिमी उचलला की तारेची उंची तेवढी घटते. शिवाय रूळ हाच परतीच्या विद्युतप्रवाहाचा रस्ता असतो. रुळाचा तुकडा कापण्याआधी जंपर, म्हणजे दोन्ही बाजू जोडणारी केबल, लावला नाही तर कापलेल्या दोन टोकांमध्ये जीवघेणा व्होल्टेज उभा राहू शकतो. नांदेड-मनमाड पट्ट्यात अनेक वर्षं डिझेलवर काम केलेल्या टोळ्यांना हे नव्याने अंगवळणी पाडावं लागतं. त्यांच्या कंत्राटदाराच्या व्यवस्थापकांना तर जास्तच.

गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या ‘कवच’ या स्वयंचलित यंत्रणेबद्दल बोलताना आपल्याकडे दिल्ली-मुंबई मार्गाची उदाहरणं दिली जातात. खरं तर दक्षिण मध्य रेल्वेने ही यंत्रणा आधी ज्या १,४६५ किलोमीटरवर बसवली, त्यात मनमाड-मुदखेड-डोन-गुंटकल हा ९५९ किलोमीटरचा आणि बिदर-परळी-परभणी हा २४१ किलोमीटरचा भाग आहे. म्हणजे प्रयोगशाळा आपल्या दारात आहे. जुलै २०२४ मध्ये तिची ४.० आवृत्ती मंजूर झाली, त्यामुळे जुन्या आवृत्तीवरून नवीवर जाताना काय काय करावं लागतं हेही इथेच पाहायला मिळेल. व्यवस्थापकाच्या दृष्टीने मुद्दा साधा आहे. रुळांच्या मधे स्लीपरवर बसवलेले टॅग, स्टेशनवरची यंत्रणा, रेडिओ मनोरा आणि इंजिनातली यंत्रणा या सगळ्यांत साठवलेली माहिती प्रत्यक्ष जागेशी जुळली पाहिजे. सिग्नल ३० मीटर पुढे हलवला, यार्डात एक सांधा वाढला, कायम वेगमर्यादा बदलली, तर ती माहितीही बदलून, तपासून घ्यावी लागते. खडी चाळण्याआधी टॅग काढायचे आणि नंतर नेमके त्याच जागी लावायचे. कामाच्या तक्त्यात या गोष्टीची वेगळी ओळ नसेल तर ती विसरली जाते, कारण खडी चाळणाऱ्याच्या लेखी तो पिवळसर डबा ‘सिग्नलवाल्यांचा’ असतो.

औद्योगिक संघटनांसाठी आता लातूरच्या डबे-कारखान्याला सुटे भाग पुरवण्याचा विषय. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याचे कारखाने दुचाकी-चारचाकीच्या सुट्या भागांत मुरलेले आहेत. वाहन उद्योगाचं दर्जामानक आयएटीएफ १६९४९ त्यांना तोंडपाठ आहे. म्हणून रेल्वेचं काम ‘तसंच, थोडं मोठं’ असेल असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. दुचाकी-चारचाकीच्या भागाच्या ऑर्डरी लाखांत असतात आणि चूक आकडेवारीतून दिसते. डब्याच्या भागाची ऑर्डर काहीशे नगांची असू शकते. तिथे आकडेवारी मदतीला येत नाही, प्रत्येक नगाचा माग काढता यावा लागतो. कोणत्या पोलादाच्या लॉटमधून, कोणत्या वेल्डरने, कोणत्या दिवशी. आणि तो कागद डबा चालत राहील तोवर, म्हणजे तीस-पस्तीस वर्षं, सापडला पाहिजे. आयएसओ २२१६३ हे रेल्वे उद्योगाचं दर्जाव्यवस्थेचं मानक आहे, त्याची ओळख करून द्या, पण तिथे थांबू नका.

वेल्डिंग बघा. रेल्वे वाहनांच्या वेल्डिंगला ईएन १५०८५ लागतं आणि त्यात सुरक्षेच्या महत्त्वानुसार वर्ग पाडलेले आहेत. सर्वांत वरच्या वर्गासाठी कारखान्यात जबाबदार वेल्डिंग समन्वयक असावा लागतो. वेल्डर सुट्टीवर गेला म्हणून शेजारच्या शेडमधला बसवला, असं चालत नाही. आयएसओ ९६०६ प्रमाणे वेल्डरच्या प्रमाणपत्रावर दर ६ महिन्यांनी, तो त्या प्रकारचं काम करत राहिला आहे अशी जबाबदार माणसाची सही लागते. ती एकदा चुकली की प्रमाणपत्र निकामी, आणि त्यानंतरच्या त्याच्या प्रत्येक जोडावर प्रश्नचिन्ह. हे उघडकीला येतं ग्राहकाच्या तपासणीत, माल तयार झाल्यावर. वेल्डर उत्तम असतो, जोडही उत्तम असतो, माल तरी पडून राहतो.

आगीचं मानक ईएन ४५५४५. आसनाचा फोम, कापड आणि त्यांना चिकटवणारा गोंद यांची चाचणी जोडीने होते. खरेदी खात्याने किलोमागे काही रुपये वाचवायला गोंद बदलला की आधीचा अहवाल त्या आसनाला लागू राहत नाही. किंवा बोल्ट घ्या. ठरलेला टॉर्क (आवळण्याचा जोर) कोरड्या आट्यांसाठी असेल आणि कामगाराने सोपं जावं म्हणून तेल लावलं, तर त्याच टॉर्कला बोल्टमधला ताण दीडपटीच्या आसपास जातो. आवळल्याची खूण म्हणून ओढलेली रंगाची रेघ मात्र दोन्हीकडे सारखीच दिसते. असे पाच-सहा प्रसंग घेऊन खरेदी, उत्पादन आणि दर्जा या तिन्ही खात्यांच्या माणसांना एका टेबलाशी बसवा. एकट्या दर्जाप्रमुखाला पाठवलंत तर गोंद बदलणारा बाहेरच राहिला.

आता प्रत्यक्ष रचना. बॅच २४ जणांची, त्याहून मोठी नको. सहा-सहांचे चार गट, प्रत्येक गटात स्थापत्य, वीज-सिग्नल, यांत्रिकी आणि वाणिज्य-नियोजन यांतले लोक मिसळलेले. दर शनिवारी पूर्ण दिवस. एक शनिवार वर्गात तर पुढचा जागेवर.

महाविद्यालयाच्या आवारात ३९ मीटरचा रूळ टाका. १३ मीटरचे तीन तुकडे दोन्ही बाजूंना, म्हणजे सहा रूळ. वापरून काढलेले ५२ किलोचे चालतील, वजन साधारण ४ टन. दर किलोमीटरला १६६० या हिशेबाने ६५ काँक्रीट स्लीपर, २६० क्लिपा, तेवढेच लायनर, १३० रबर पॅड आणि साधारण ८० घनमीटर खडी. रेल्वेचा निघालेला माल ई-लिलावात विकला जातो. एक जुना सांधा आणि एक पॉइंट मशीनही मिळवा, तो जरा अवघड भाग आहे. मग अर्ध्या लांबीत स्वच्छ खडी भरा आणि अर्ध्या लांबीत मुद्दाम काळी माती मिसळा. मधे विजेला अडवणारा इन्सुलेटेड जोड देऊन दोन्ही भागांना वेगवेगळं ट्रॅक सर्किट जोडा. कोरड्यात दोन्हींचे रिलेजवळचे व्होल्टेज लिहून घ्या. मग टँकरने पाणी सोडा आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. एवढ्या छोट्या लांबीत रिले पडेलच असं नाही, पण काट्याची दिशा दिसते. त्यानंतर फीड वाढवून ०.५ ओहमचा शंट टाकायला सांगा. वर चिखल आणि ट्रॅक फेलबद्दल आम्ही दोन परिच्छेद लिहिले, ते अर्ध्या तासात हाताने कळतं.

शिकवणारे कोण, हा प्रश्न येईलच. निवृत्त सीनियर सेक्शन इंजिनिअर, सिग्नल निरीक्षक, ओव्हरहेड तारेचे फोरमन नांदेड, पूर्णा, परभणी, परळी परिसरात आहेत. त्यांच्याकडे पीएच.डी. नाही म्हणून त्यांना ‘अतिथी’ म्हणून शाल-श्रीफळावर बोलवू नका. प्राध्यापकाइतकं मानधन द्या आणि तास त्यांच्या नावावर लावा. नकाशावरची सीमा ओळखायला, रुळाच्या आवाजावरून क्लिप ढिली आहे हे सांगायला आणि नोंदवहीतल्या शेऱ्यामागचं खरं कारण वाचायला तेच शिकवू शकतात. सूत्रं शिकवायला आपले प्राध्यापक आहेतच.

परीक्षा लेखी नको. रूळ, सिग्नल आणि तार या तिन्ही खात्यांच्या बिघाडांच्या सहा महिन्यांच्या नोंदी, नावं आणि जागा काढून, विद्यार्थ्याला द्या. त्याने एकाच मुळाशी जाणारे बिघाड शोधावेत आणि प्रत्येकासाठी कोणाला कोणता प्रश्न विचारणार ते लिहावं. उत्तरं तपासायला एक रूळवाला आणि एक सिग्नलवाला सोबत बसवा. त्यांच्यात वाद झाला तर विद्यार्थ्यांना ऐकू द्या.

परवानग्यांना वेळ लागतो, कारण मराठवाडा एका विभागात नाही. मनमाडपासून मुदखेडपर्यंतचा मुख्य मार्ग नांदेड विभागाकडे, लातूर-धाराशिव मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाकडे, आणि उदगीर-लातूर रोडकडचा भाग सिकंदराबाद विभागाकडे. तिघांना वेगवेगळं पत्र लागेल. पत्रात जागा, तारीख, माणसांची संख्या आणि सोबत असणारा जबाबदार पर्यवेक्षक लिहा. रुळावर जाणाऱ्या प्रत्येकाला चमकणारं जाकीट आणि दोन्ही दिशांना टेहळणीला माणूस. हे आधीच मान्य केलंत तर होकार लवकर मिळतो. कारखान्याच्या भेटीसाठी छायाचित्रं काढणार नाही असं लेखी द्या.

राहता राहिला मुहूर्त. हा अभ्यासक्रम जानेवारीत सुरू करून जुलैअखेर संपवा. पहाटेच्या थंडीत तुटलेले रूळ जानेवारीत पाहायला मिळतात, रुळाचं तापमान मोजायला मे हवा, आणि ट्रॅक सर्किटसाठी मृगाचा पाऊस हवा. विद्यापीठाचं वर्ष जूनला उघडतं म्हणून हाही जूनला उघडलात, तर पहिला पाऊस परिचयाच्या भाषणांत जाईल आणि मे महिना सुट्टीत. तिन्ही विभागांना पाठवायची पत्रं त्या हिशेबाने दिवाळीच्या आधी गेलेली बरी. मसुदा करायला हवा असेल तर आम्ही बसू.

आपले,
रूळ, सिग्नल, ओव्हरहेड तार आणि डबेबांधणी या कामांतले मराठवाड्यातील काही अभियंते व पर्यवेक्षक